४१७, ६८२ आणि मागची रांग

रविवार, ३

गाडी घ्यायची हे आज ठरलं. कुठली, ते मी ठरवायचंय. नवऱ्याने नेहमीप्रमाणे "तुला जास्त कळतं" म्हणून अंग काढून घेतलं. मिक्सर घेताना मला जास्त कळत होतं, त्याचे बूट घेतानाही मलाच जास्त कळत होतं. या घरात मला कळतं असं जितकं समजतात, तितकं खरोखर कळत असतं तर ही वही आणावी लागली नसती.

आधी कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ झाला की मागे येऊन वाचता येईल. आमचं दोघांचंही हे दुसरं लग्न, चार वर्षं झाली. आत्ताची गाडी लहान आहे. तिच्यात नवरा, मी, सासूबाई, सतत गुडघे धरून बसणारे सासरे आणि माझा धाकटा असे पाच जण कसेबसे मावतो. थोरली आली की सहा. थोरली म्हणजे नवऱ्याची पहिल्या लग्नातली मुलगी, चौदा वर्षांची. ती तिच्या आईकडे राहते आणि दर रविवारी आमच्याकडे येते, इथे तिची एक खोली आहे. आता तिच्या आईची दुसऱ्या शहरात बदली झाली आहे. थोरलीने आईबरोबर तिकडे जायचं की आमच्याकडे राहायला यायचं, हे तिचं तिनेच ठरवावं असं आईबापांनी मिळून ठरवलंय. एकोणतीस तारखेला, शुक्रवारी, शाळेत तसा फॉर्म द्यायचा आहे.

ती आली तर तीन रांगांची गाडी हवी. नाही आली तर आहे ती पुरे. आधीच घेऊन टाकली तर पोरीवर दडपण येईल, आणि चौकशीच केली नाही तर तिला वाटेल की हे आपल्याला धरतच नाहीत. म्हणून मी मधला मार्ग काढला. चौकशी पूर्ण करायची, पण गाडी नोंदवायची नाही. म्हणजे धड ना इकडे, धड ना तिकडे.

पसंतीत दोन गाड्या उरल्यात. त्यांची नावं इथे लिहिणार नाही. मी बिस्किटांच्या कारखान्यात चव-विभाग सांभाळते. आमच्याकडे चाखणाऱ्यांसमोर बशी जाते ती नुसता तीन आकडी नंबर लावून. नाव कळलं की जिभेच्या आधी डोकं चाखायला लागतं. तेव्हा एका गाडीचा नंबर ४१७ आणि दुसरीचा ६८२. ज्यांच्याकडे त्या आहेत अशा लोकांना भेटायचं, सगळ्यांना तेच नऊ प्रश्न विचारायचे आणि प्रत्येकाला नऊपैकी गुण द्यायला लावायचे. जाहिरातींवर माझा काडीचा विश्वास नाही. मीही एका जाहिरातीत काम करते, फक्त ती खाता येते.

मंगळवार, ५

पहिला मालक ४१७चा. धाकट्याच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. तीन वर्षं गाडी वापरतायत. अंगणात उभी होती, आरशासारखी चकचकीत. मी वही उघडली. सीट? उत्तम. आवाज? आतमध्ये चिडीचूप. खड्ड्यात? लोण्यातून चालल्यासारखी. तिसरी रांग? प्रशस्त. काही तक्रार? "छे, एकही नाही," म्हणाले. तीन वर्षांत एकही नाही. मी दोनदा विचारलं. नऊपैकी नऊ.

माणूस सज्जन. गाडीकडे बघतसुद्धा नव्हते, इतका त्यांचा तिच्यावर विश्वास. आजचा दिवस सोपा गेला. असंच चाललं तर आठवड्यात निकाल लागेल.

शुक्रवार, ८

निकाल कसला लागतोय.

आज ६८२ची मालकीण, आमच्या दंतवैद्यबाई. दाढ दाखवायला गेले आणि तोंड उघडं असतानाच विचारायची चूक केली. मग पाऊण तास त्या बोलत होत्या आणि मी आ वासून ऐकत होते. डाव्या मागच्या दारातून खडखड येते, तीन वेळा दाखवलं, तीनही वेळा कारागिरासमोर दार गप्प बसलं. समोरचा स्क्रीन मनात आलं की बंद पडतो. खड्डा आला की कंबर विचारते, मी काय पाप केलं. तिन्ही रांगा उभ्या असतील तर मागे एक पिशवी राहते, तीसुद्धा शहाणी असेल तर. बाटली ठेवायच्या खाचेत बाटली मावत नाही. हे सगळं त्यांनी रागाने नाही, अगदी चवीने सांगितलं.

गुण विचारले तर म्हणाल्या, पाच. मी विचारलं, मग घेऊ नको ना? त्यांनी मास्क खाली ओढला. "घ्या की. मला उद्या परत घ्यायची झाली तर मी हीच घेईन."

आता हे कुठल्या रकान्यात लिहू? नऊवाला गाडीकडे बघत नाही आणि पाचवाली तिला सोडायला तयार नाही. डोक्याचा भुगा. दाढ मात्र ठीक आहे.

रविवार, १०

थोरलीला बरोबर नेलं. टिपणं ती घेते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मला "मावशी" म्हणते आणि "तुम्ही" म्हणते, जसं शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. मी कधी त्याबद्दल बोलले नाही. तिची मर्जी.

आज जुळ्यांची आई, ४१७वाली. जुळे, त्यांचे आजीआजोबा, ही आणि हिचा नवरा, शिवाय कुत्रा. तिने आम्हाला गाडीत बसवून एक फेरी मारून आणली. थोरली न सांगता मागच्या रांगेत जाऊन बसली. मी पुढे बसून प्रश्न विचारत होते. मधली सीट लांब बाकासारखी, आजोबांना आडवंही होता येतं. आवाज खरंच कमी.

थोरलीने एकच प्रश्न विचारला, तोही वहीत नसलेला. मागे बसणाऱ्याला आपलं आपण उतरता येतं का? जुळ्यांची आई हसली. म्हणाली, मधली सीट बाहेरून कुणीतरी दुमडावी लागते. मागचा काय, आम्ही उतरवू तेव्हा उतरतो. मी वहीत लिहायला सांगितलं: मागची चढउतार, मध्यम. थोरलीने तसं लिहिलं.

जुळ्यांच्या आईचे गुण सात. ती सात म्हणताना कुत्रा भुंकला, पण तो धरला नाही.

परत येताना थोरली गप्प होती, चेहरा उतरलेला, खिडकीला नाक लावून. परीक्षा जवळ आल्या असतील. घरी आल्यावर जेवली नाही फारशी. मी विचारलं, कशी वाटली गाडी? म्हणाली, छान आहे.

बुधवार, १३

आज कारखान्यात नवीन चाखणारी आली. तिला नियम सांगता सांगता माझेच मला परत पाठ झाले. अत्तर लावून यायचं नाही. भुकेल्या पोटी नाही, भरल्या पोटीही नाही. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, शेजाऱ्याचं तोंड दिसता कामा नये. दिवे लाल, म्हणजे बिस्किट जास्त भाजलंय का कमी ते कळत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम माझ्यासाठी आहे: बशी देणाऱ्याचा चेहरा कोरा पाहिजे.

हा नियम मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आल्याचं नवीन बिस्किट होतं. बशा लावताना मी एक तुकडा तोंडात टाकला आणि सहज "वा" म्हणाले. बस्स, एवढंच. नऊच्या नऊ जणांनी डोक्यावर घेतलं. बाजारात गेलं आणि तीन महिन्यांत खोकेच्या खोके परत आले. साहेब मला काही बोलले नाहीत, एक खोका माझ्या टेबलावर ठेवून गेले. तो मी महिनाभर खाल्ला. तेव्हापासून बशी देताना मी चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू देत नाही.

थोरलीच्या बाबतीतही मी हेच धरून चाललेय. नवऱ्याला आणि सासूबाईंनाही बजावून ठेवलंय. तिला "ये" म्हणायचं नाही, "येऊ नको" तर नाहीच नाही. आपण "वा" म्हटलं आणि पोर आपलं मन मोडवेना म्हणून आली, तर तो तिचा निर्णय नाही, आपला. मग वर्षभराने खोके परत. नवरा म्हणाला, "बाप आहे गं मी, नुसतं ये म्हणायलाही बंदी?" मी म्हटलं, महिनाभर बंदी. मुलीसमोर तो तसाही गप्पच असतो. सोडून गेलेला बाप आपण, आता कुठल्या तोंडाने मागायचं, असं त्याला वाटत असतं.

आणि माझं? ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. आधी मला भीतीच वाटली होती. चौदा वर्षांची मुलगी, आपल्या पोटची नाही, रोज सकाळ-संध्याकाळ समोर. तिने दार आपटलं तर मी ओरडायचं की नाही? आता मात्र शनिवार संध्याकाळ आली की मी उगाचच घर आवरत सुटते. ती टिपणं घेताना जीभ दातांत धरते, ते बघायला मला आवडतं. मला ती हवी आहे. लिहिताना अक्षर नीट आलं, म्हणजे खरं असावं.

रविवार, १७

शोरूममध्ये ६८२ चालवून पाहिली. दंतवैद्यबाई खोटं बोलल्या नाहीत, कंबर विचारते. पण मधे दोन सुट्या खुर्च्या आहेत, त्यांच्यामधून वाट आहे. मागचा माणूस उठून चालत पुढे येऊ शकतो. थोरलीने ते दोनदा करून पाहिलं.

मी घरून सहा जणांचा आराखडा काढून नेला होता. चालवायला नवरा, शेजारी सासरे, त्यांचे गुडघे लांब करायला जागा हवी. मधे सासूबाई आणि धाकटा, कारण धाकट्याला गाडी लागते. मागे मी आणि थोरली. मी चालवत असले तर थोरली एकटी. ती हलकी, चपळ, तिला सोपं. कागद दाखवून तिला विचारलं, चालेल ना? म्हणाली, चालेल. या मुलीची एक गोष्ट मला फार आवडते, कशालाही नाही म्हणत नाही.

मग तिने विचारलं, "मी नसले तर मागची सीट दुमडून ठेवता येते ना? सामानाला खूप जागा होईल."

किती व्यवहारी मुलगी आहे. हा प्रश्न माझ्या नऊ प्रश्नांत नव्हता, असायला हवा होता. विक्रेत्याच्या आधी मीच उत्तर दिलं, मला माहिती पाठ होती. "तीनशे लिटर वाढतात," मी म्हणाले. आवाज अगदी सपाट ठेवला, आनंद नाही, दुःख नाही. तिने तेही टिपून घेतलं.

नवरा तेवढ्यात गाडीचं चाक बघायच्या निमित्ताने खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्याला चाकातलं काय कळतं, देव जाणे.

सोमवार, १८

धाकट्याने घोळ घातला. काल निघताना त्याने थोरलीचा हात धरून म्हटलं म्हणे, ताई तू इकडेच ये, मी तुला माझा वरचा पलंग देतो. आज शाळेत जाताना स्वतःच कौतुकाने सांगितलं. मी त्याला समजावलं, असं मागायचं नसतं, ताईला तिचं ठरवू द्यायचं. तर म्हणतो, "पण मला हवीय ना ती." आठ वर्षांच्या पोराला निःपक्षपातीपणा कसा शिकवायचा? पुढच्या रविवारी त्या विषयावर एक शब्द काढायचा नाही, असं वचन घेतलं. वचन दिलं, पण रुसून बसला.

ती काय म्हणाली, असं मी विचारलं. काही नाही म्हणाली म्हणे. त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं फक्त.

गाड्यांचे गुण: ४१७ला सरासरी आठ. ६८२ला पाच. सरळ दिसतंय. तरी हात ४१७वर खूण करायला तयार नाही. का, ते कळत नाही.

गुरुवार, २१

मुख्याध्यापकांची गाडी विकायला काढलीय! कारखान्यातल्या एकाने फोनवर जाहिरात दाखवली. तीच चमक, तोच नंबर, तेच अंगण. मी लगेच फोन लावला. म्हटलं, तुम्ही तर मला नऊपैकी नऊ दिले होते.

अजिबात शरमले नाहीत. म्हणाले, "तुम्ही आलात त्याच्या आधीच ठरलं होतं विकायचं. मुलं लांब गेली, आता कोण बसतंय तिच्यात. एकदा मन उडालं ना बाई, की तक्रार तरी कशाला करायची. छान म्हणायचं आणि मोकळं व्हायचं."

बघा. चांगला शिकलेला माणूस. मी त्यांचे नऊ गुण लाल शाईने खोडले. मग बसून विचार केला. दंतवैद्यबाई पाच गुण देऊन गाडी सोडत नाहीत, कारण ती त्यांची आहे. खडखड त्यांची, कंबर त्यांची. उद्याही त्यांना तिच्यातच बसायचंय. ज्याला निघायचंय तो कशाला तोंड वाईट करील? म्हणजे माझी सगळी पद्धतच उलटी झाली. नऊ देणाऱ्यावर संशय घ्यायचा आणि पाच देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा. वीस वर्षं बिस्किटं चाखून मला हे कळलं नव्हतं, आणि गाडीने शिकवलं. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

रविवार, २४

आज गाडीचा विषय नाही. थोरली दिवसभर घरी होती. तिच्या निर्णयाला पाच दिवस उरलेत, म्हणून मी ठरवलं, सरळ विचारायचं नाही, पण आमचं घर तिला कसं वाटतं तेवढं कळून घ्यायचं. सहज बोलल्यासारखं एकेक विचारलं. खोली? छान आहे. जेवण? छान असतं. धाकटा त्रास देतो का? नाही, गोड आहे. आजोबांचा टीव्ही मोठा लागतो का? नाही, चालतं. काही बदलायला हवं? नाही मावशी, सगळंच छान आहे.

मनातल्या मनात गुण मोजले. नऊपैकी नऊ. मला इतका आनंद झाला की चेहरा सांभाळायला स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः धुतलं. निघताना चादरीची घडी घातली, उशी त्यावर ठेवली. इथे ठेवलेली तिची दोन पुस्तकं आणि स्वेटर पिशवीत भरून घेतला. अभ्यासाला लागणार असतील. स्वेटर कशाला, या दिवसांत? असो. धाकट्याने वचन पाळलं, तिच्याशी एक शब्द बोलला नाही. दारात उभं राहून बोटं मोडत होता. तिने त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

मंगळवार, २६

दुपारी तिच्या आईचा फोन आला. आमचं बोलणं नेहमी कामापुरतं असतं, तसंच होतं. थोरलीने ठरवलंय, ती आईबरोबर जाणार. शुक्रवारी फॉर्म देतील.

मी विचारलं, आमचं काही चुकलं का. ती म्हणाली, "नाही हो, उलट तुमच्याकडचं सगळं छान आहे असंच म्हणते. तक्रार काहीच नाही तिची. मलाच आश्चर्य वाटलं, कारण माझ्याशी दिवसरात्र भांडते." मग म्हणाली, तिच्या मैत्रिणी इथेच आहेत, शाळा इथेच आहे, मला वाटलं होतं ती तुमच्याकडेच येईल.

मलाही तेच वाटलं होतं. मला काहीही कळत नाहीये. गुण सगळे चांगले आले आणि निकाल उलटा. नवऱ्याला सांगितलं. तो चपलांचं कपाट उघडून सगळ्यांच्या चपला जोडीने लावत बसला. सहाव्या कप्प्यात काहीच नव्हतं, तो त्याने रिकामाच पुसला.

मी कारखान्यात फोन करून उद्याची रजा टाकली. मग रद्द केली. रजा घेऊन करू काय?

गुरुवार, २८

सगळं लिहून काढते. सुचेल तसं.

सकाळी सासूबाई भाजी निवडत होत्या. मी समोर बसून हिशोब मांडत होते: तिला खोली दिली, कशाची बळजबरी केली नाही, निर्णय पूर्ण तिच्या हातात दिला, मग चुकलं कुठे? त्या ऐकत होत्या. सासूबाई फार बोलत नाहीत. बोलल्या की मात्र उठून जाता येत नाही.

"तू तिला ये म्हणालीस का?"

मी म्हटलं, मुद्दामच नाही म्हणाले. तिच्यावर दडपण यायला नको म्हणून. माझा कल तिला कळता कामा नये.

त्यांनी निवडलेल्या शेंगा परातीत टाकल्या. "अगं, दारातून निघालेल्या पाहुण्यालासुद्धा आपण दोनदा म्हणतो, बस जरा. चौदा वर्षांची पोर आहे ती. महिना झाला, आपण सगळे तिच्याकडे बघतोय आणि कुणी हूं नाही की चूं नाही. मला तू गप्प बसवलंस, नवऱ्याला बसवलंस, त्या लेकराला बसवलंस. तिने काय समजायचं?"

मला कानफटात बसल्यासारखं झालं. उठले, पर्स घेतली. जुन्या गाडीची किल्ली सापडेना, ती हातातच होती. कारखान्यात कळवलंसुद्धा नाही. आजपर्यंत असं कधी केलेलं नाही.

थोरलीच्या आईच्या घरात खोके बांधून ठेवलेले होते. शाळेला सुट्टी होती. थोरली एका खोक्यावर बसून चिकटपट्टीचं टोक नखाने शोधत होती. मला बघून उभी राहिली, "या ना मावशी" म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आतल्या खोलीत गेली. शहाणी बाई.

वाटेत मी चार-पाच वाक्यं तयार केली होती. निर्णय तुझाच आहे, आम्ही त्याचा मान ठेवू, वगैरे. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हणाले, "मला तू हवी आहेस. आमच्या घरी. रोज. मला फार हवी आहेस, आणि मी ते तुझ्यापासून लपवून ठेवलं." आणि मग मी रडायलाच लागले. अशी रडले की नाक पुसायला काही मिळेना, तिने चिकटपट्टीच्या पिशवीतला कागद दिला.

ती रडली नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग तुम्ही तीनशे लिटर का म्हणालात?"

मला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा जमिनीवरच बसले. काय सांगणार? बिस्किटांचं सांगितलं. चेहरा कोरा ठेवायचा असतो, लाल दिवे, आल्याचं बिस्किट, परत आलेले खोके, सगळं. ऐकता ऐकता तिचं तोंड उघडं राहिलं. म्हणाली, "म्हणजे तुम्ही महिनाभर मला चाखायला बसवलं होतंत?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू.

"बाबापण?"

बाबापण, म्हटलं. मीच बंदी घातली होती. आणि धाकट्याकडून वचन घेतलं होतं. हे ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा लाल झाला. "मला वाटलं, तो माझ्यावर चिडलाय. मी दोन दिवस रडत होते त्याच्यासाठी. असं कुणी करतं का? तो लहान आहे!" तिने हातातली चिकटपट्टी खोक्यावर आपटली. मी तिला कधी काही आपटताना पाहिलं नव्हतं.

मग ती सुटली. "आणि मला मागे बसवलंस. धाकट्याला गाडी लागते म्हणून तो मधे, आणि मला? मलापण लागते. जुळ्यांच्या गाडीत मी पूर्ण वेळ तोंड दाबून बसले होते. तुला कधी दिसलं नाही? तू नुसती वहीत बघतेस." मी म्हटलं, दिसलं होतं, मला वाटलं परीक्षा आहे. "परीक्षा कसली! आणि तुमच्याकडचं वरण अळणी असतं. आजोबांचा टीव्ही इतका मोठा असतो की वाचता येत नाही. न्हाणीघराची कडी लागत नाही, मी प्रत्येक वेळी पायाने दार धरून बसते. चार वर्षं! कुणीतरी एक कडी लावू शकत नाही? आणि बाबा माझ्याशी बोलतच नाही, नुसता चष्मा पुसत बसतो. त्याला सांग, मला असलं चालणार नाही."

मी सांगेन म्हटलं. मी वही आणली नव्हती, आणि एकही गोष्ट विसरेन असं वाटत नाही.

आतून तिची आई दारात आली. डोळे तिचेही पुसलेले दिसत होते. तिने विचारलं, उद्याच्या फॉर्मचं काय करायचं.

"थांब गं आई, माझं झालं नाही अजून," थोरलीने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला म्हणाली, "माझ्या खोलीतले ते पडदे कुणी निवडले?"

मी म्हटलं, मीच.

"भयंकर आहेत," ती म्हणाली.